चित्रांकडे पाठ

माझी मावशी बावीस वर्षं एकाहून एक भारी चित्रांकडे पाठ करून बसली. नियमच तसा. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने चित्रं बघायची नाहीत, चित्रं बघणाऱ्यांचे हात बघायचे. हात बघता बघता मावशी तोंडंही बघायला लागली आणि तिला त्याची चटकच लागली.

मग नवे साहेब आले. नव्याचे नऊ दिवस म्हणून आम्ही गप्प होतो, तर दहाव्या दिवशी फर्मान निघालं. प्रत्येक पहारेकऱ्याची चित्रशैलींवर तोंडी परीक्षा, आणि नापास होईल त्याची रवानगी तळघरात, लोकांचे कोट सांभाळायला.

मावशीचं धाबं दणाणलं. "कोटांना कुठे तोंड असतं गं?" म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी हसू आलं, मग स्वतःचीच लाज वाटली. मी तिथेच कारकून. आठवडाभर डबा खाताना तिला पुस्तकातून शिकवलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. बरोक शैली म्हटलं की मावशी जांभई द्यायची.

परीक्षेला मीच गुण लिहायला बसले होते.

"बरोक म्हणजे काय?" साहेबांनी सुरुवात केली.

"माणसं मान वर करून कंबर धरतात, ती खोली," मावशी म्हणाली.

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीकडे.

"इम्प्रेशनिझम?"

"आधी नाक लावून बघतात, मग मागे सरकत सरकत माझ्या पायावर येतात."

"छायाप्रकाश?"

"तिथे सगळे कुजबुजतात. जिन्यात कडाकडा भांडलेले नवरा-बायकोसुद्धा."

"स्थिरचित्र? फळांनी भरलेली ताटं वगैरे?"

"उपाहारगृह कुठे आहे, विचारतात."

"बाई, मी चित्रांबद्दल विचारतोय!" साहेब उठले आणि आम्हाला शेवटच्या दालनात घेऊन गेले. तिथे भिंतभर मोठं चित्र होतं. "कालच लागलंय. मी स्वतः निवडलंय. आता याची शैली सांगा, हा शेवटचा प्रश्न." मला तळघराचा जिना दिसायला लागला.

मावशीने सवयीने चित्राकडे पाठ केली. "साहेब, तुम्ही जरा बघा ना त्याच्याकडे. नीट बघा."

साहेबांनी बघितलं. मान डावीकडे कलवली, मग उजवीकडे. चष्मा पुसला. हळूच पुढे होऊन चित्राखालची पाटी वाचली, परत जागेवर आले, पुन्हा जाऊन वाचली. शेवटी हात मागे बांधून गंभीरपणे मान डोलावली. मावशी निवांत त्यांचं तोंड न्याहाळत होती.

"अमूर्त," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तुम्हाला काही कळलं नाही, साहेब. आणि मान मात्र डोलावलीत."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "बाकीचेही असंच करतात?"

"सगळे. पण पाटी दोनदा वाचणारे थोडेच."

साहेबांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि स्वतः पूर्ण गुण लिहिले. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हे कुणाला सांगायचं नाही."

मावशीने कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं ते मी.