उन्हात ठेवलेली बशी

नाशिकला थंडी पडली, की गच्चीवरच्या कोवळ्या उन्हाला मला अगारचा, म्हणजे काचेच्या बशीत जिवाणू वाढवायच्या जेलीचा, वास येतो. सूक्ष्मजीवशास्त्राची शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा होती आणि टेबलावर माझा जोडीदार पिंपळगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. अतिनील दिव्याखाली जिवाणू मारायचे आणि दुसऱ्या दिवशी जवळजवळ रिकामी बशी दाखवायची, नाहीतर वर्ष गेलं. आम्ही मारले. मग इनक्युबेटर तापेपर्यंत या पठ्ठ्यानं बशी खिडकीच्या काचेपाशी उन्हात ठेवली. द्राक्षांना ऊब मिळावी म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवणारा तो, त्याला काहीही गारठलेलं बघवत नसे. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर बशीभर साबुदाणा सांडल्यासारखे जिवाणूंचे ठिपके. मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अरे, मारायला दिले होते, पाळायला नाही." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "बशी काळ्या कागदात का नाही गुंडाळली?" पठ्ठ्या म्हणाला, "सर, गारठा लय होता. म्हटलं, जरा ऊन खाऊ देत." परीक्षक इतके हसले, की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. "दिव्यानं त्यांचा डीएनए बिघडवला होता, उजेड मिळताच त्यांनी तो स्वतःच दुरुस्त केला. हाही प्रयोगच झाला. तुम्ही त्यांना वाचवलंत, आता मी तुम्हाला वाचवतो." आम्ही पास झालो. हल्ली हिवाळ्यात मी सकाळी गच्चीत खुर्ची टाकून बसतो. बायको खालून हाक मारते, "अहो, उठताय ना?" मी गुडघे उन्हाकडे वळवतो आणि सांगतो, "थांब, दुरुस्ती चालू आहे."