म्हैस कुठवर आली

शालनबाई गेल्याचं कळलं तेव्हा मी अंगणवाडीत खिचडीचे तांदूळ निवडत होते. त्यांची मुलगी सुजाता फोनवर एवढंच म्हणाली, "मावशी, आई गेली." मी "बरं" म्हणाले. असं कुणी म्हणतं का... पण मला पटकन शब्द सुचत नाहीत. तांदूळ धुऊन मी खिचडी टाकली. पोरं जेवायची होती.

बाई आमच्या घोटावड्याच्या अंगणवाडीच्या सेविका आणि मी मदतनीस. मी कामाला लागले तो पहिला दिवस आठवतो. फरशीवर खडूने गिरगटलेलं दिसलं म्हणून मी ओल्या फडक्याने पुसून टाकलं, तर तनू नावाची एक चिमुरडी भोकाड पसरून रडायला लागली. "माजी म्हस पुसली." मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई मात्र तिच्याजवळ मांडी घालून बसल्या. "रडू नगं. पुसली म्हंजी गेली न्हाई, कुटंतरी फिराया गेली आसंल. डोळं मीट आन् बघ, कुटं हाय?" तनूने डोळे मिटले, नाक ओढलं आणि म्हणाली, "वड्यात बसलीय." "एकलीच?" "न्हाई, बगळा हाय." मग ओढा काढला, बगळा काढला, बाकीची पोरंही सरकत जवळ आली, आणि खिचडी होईपर्यंत गोष्ट झालीसुद्धा. बाईंची तीच रीत. आधी डोळे मिटायचे, मग दिसेल ते फरशीवर काढायचं, मग सांगायचं. पोरं बदलत गेली, पण म्हैस काही अंगणवाडी सोडून गेली नाही. "वैनी, तुमी बी मिटा की डोळं," बाई मला म्हणायच्या. मी गॅसचं निमित्त काढून उठायचे. "गॅस काय पळून चाललाय व्हय," म्हणून त्या हसायच्या.

दिवाळीनंतर बाई आजारी पडल्या आणि पुण्याला दवाखान्यात राहिल्या. जाताना माझा हात धरून म्हणाल्या, "गोष्ट बंद पडू देऊ नगा. पोरांची सवय मोडली की पुन्ना लागत न्हाई." मी मान हलवली. दुसऱ्या गावच्या सेविका येऊन हजेरी घेऊन जायच्या, पुढचं सगळं माझ्यावर. पण पोरांसमोर उभी राहिले की मी पुन्हा गॅसकडेच वळायचे. पाच-सहा दिवस नुसती खिचडी वाढून त्यांना घरी पाठवलं. मग एका दुपारी बाईंचा फोन. "म्हस कुटवर आली, वैनी?" खरं सांगायचं धाडस झालं नाही. "कंपनीच्या गेटापातुर," मी म्हणाले. "वॉचमन आत सोडंना, कार्ड दाव म्हणतोय." बाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला आला. "कुणी सांगितलं ह्ये?" "पोरांनी."

त्यानंतर रोज दुपारी फोन यायचा आणि रोज मी खोटं बोलायचे. म्हैस फाट्यावर गेली, पौडच्या बाजारात एकीची कोथिंबीर खाऊन पळाली, पुढे माल्याला, माझ्या माहेरी पोचली. तिथे ती शाळेच्या मागच्या खिडकीशी उभी राहिली. "आत काय चाललंय?" बाईंनी विचारलं. "पाढं." "मंग?" "मंग काय न्हाई... बघत उभी हाय." बाई म्हणाल्या, "घरला कवा यायची आता?" "उद्या निघंल," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो सुजाताचा.

तेराव्यानंतर सुजाताने एक चित्रकलेची वही आणून दिली. "आई दवाखान्यात रोज काढायची. तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." गेटावर म्हैस, गळ्यात कार्ड. बाजारात म्हैस, तोंडात कोथिंबीर. मग माल्याच्या शाळेची खिडकी... आणि म्हशीशेजारी, हातात दावं धरून, टाचा उंचावून आत बघणारी दोन वेण्यांची पोरगी. चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि म्हशी माझ्याकडे आल्या. त्या खिडकीशी मी कितीदा उभी राहिले हे कुणाला कधी बोलले नाही, बाईंनाही नाही. पण घोटावड्याच्या पोरांनी माल्याची शाळा कुठे बघितली असणार... गोष्ट पोरांची नाही, माझीच आहे हे बाईंना कळत होतं, आणि तरी त्या रोज विचारत होत्या.

शेवटच्या पानावर आमची अंगणवाडी आहे. उघडं दार, दारात खुंटा, खुंट्याला मोकळं दावं. म्हैस नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पान पोरांपुढे ठेवून खाली बसले. "डोळं मिटा," म्हणाले. दोनदा म्हणावं लागलं. एक पोरगी म्हणाली, "मावशी, तुमी बी मिटा की." मी मिटले.

आता आम्ही रोज डोळे मिटून बसतो. म्हैस कधी पौडात असते, कधी वाट चुकून पुन्हा माल्याला जाते. दुपारी पोरं गेली की फरशी पुसायच्या आधी मी फोन जवळ घेऊन बसते, सवयीने. आता खरं सांगण्यासारखं असतं, आणि विचारणारं कुणी नाही. मग वहीचं शेवटचं पान उघडते. म्हैस काढायला पोरांनी मला शिकवलं आहे, हात आता अडत नाही. पण तो खुंटा मी अजून मोकळाच ठेवला आहे.