आदी शेळीला दाव

लग्नाच्या पंगतीत वाढपी पनीरची बादली घेऊन आला की माझा हात ताटावर आडवा जातो. वाढपी नवखा असला तर आग्रह करतो, आणि जितका आग्रह होतो तितका माझा संशय वाढतो. एवढं चांगलं आहे तर याला ते माझ्याच ताटात का घालायचंय? शिवाय पनीर म्हणजे मुद्दाम नासवलेलं दूध. आमच्या घरी दूध आपोआप नासलं तरी माय आधी शेळीची कास चाचपून बघायची, आणि हे लोक लिंबू पिळून नासवतात आणि वर पाहुण्यांना वाढतात. मशरूमचं तर नावच नको. उकिरड्यावर उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्या आम्ही लहानपणी काठीनं उडवायचो. त्यांचीच भावंडं आता केजच्या हॉटेलात लोक मिटक्या मारत खातात. शाळेतले सहकारी मला हसतात. म्हणतात, "मास्तर, सगळं जग काय तुमच्याच ताटात विष कालवायला बसलंय का?" मीही हसतो, पण डबा घरचाच उघडतो.

हा स्वभाव मी मायकडून घेतला. आमची माणसं पाटोद्याकडच्या डोंगरातली, शेळ्यामेंढ्या राखणारी. रानात अनोळखी पाला किंवा शेंग दिसली की ती आधी शेळीपुढे धरायची, असा आमच्या घरचा रिवाज. शेळीनं तोंड लावलं तर माणसानं चाखायचं, शेळीनं नाक फिरवलं तर विषय संपला. मायनं हा रिवाज रानातून घरात आणला. दुकानातून काहीही नवीन आलं की तिचं एकच म्हणणं, "आदी शेळीला दाव." नोकरीला लागल्यावर मी एकदा मोठ्या कौतुकानं बीडहून इडली बांधून आणली. शेळीनं ती हुंगली, शिंकली, आणि इडली तशीच ठेवून भोवतीचा कागद तेवढा खाल्ला. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात इडली आली नाही. मला त्यात काही वावगंही वाटलं नाही. खरं सांगायचं तर डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा शेळीच्या नाकावर माझा जास्त भरवसा होता.

या संशयापायी माझ्या हातून एक वाईट गोष्ट घडली, ती इथेच सांगतो. केजच्या बसस्टँडजवळ फळांचा गाडा लावणारा माझा एक मित्र आहे. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. एका ईदला तो मला घरी घेऊन गेला. त्याच्या आईनं शीरखुर्म्याची वाटी माझ्या हातात दिली. वर काहीतरी तरंगत होतं, खाली काहीतरी बसलं होतं. कोणत्या भांड्यात केलं असेल, आत काय काय घातलं असेल, असे शंभर प्रश्न डोक्यात सुरू झाले. मित्र पाणी आणायला आत गेला तशी मी वाटी दारातल्या सदाफुलीच्या कुंडीत उपडी केली. वळून बघतो तर त्याची आई उंबऱ्यात उभी. तिनं माझ्या हातातली वाटी घेतली आणि म्हणाली, "और लाऊं क्या?" मी पोट भरलं म्हणालो.

त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते. तिनं मुलाला हे सांगितलं की नाही, ते मला कधी कळलं नाही. पुढची तीस वर्षं मी त्याच्या घरी जाताना जेवून जायचो, आणि त्यानंही कधी ताट पुढं केलं नाही. गाड्यावरचं केळं मात्र मी बिनघोर खायचो. केळ्याला साल असते.

मागच्या उन्हाळ्यात मायला अर्धांगाचा झटका आला. तेव्हा ती आमच्याकडे केजलाच राहत होती. गावाकडून येताना तिनं एक म्हातारी शेळी सोबत आणली होती, ती आमच्या अंगणात बांधलेली असायची. झटक्यातून मायचा हात थोडाफार सावरला, बोलणंही बरंचसं परत आलं, पण गिळणं बिघडलं. भाकरी कुस्करून दिली तरी घशाला चिकटायची. आंबील पातळ म्हणून ठसका लागायचा. कण्यांचा एखादा दाणा अडकला की डोळ्यांत पाणी येईस्तोवर खोकायची. केळं कुस्करून दोन दिवस चाललं, मग कफ झाला आणि तेही बंद पडलं. डॉक्टर म्हणाले, घट्ट, गुळगुळीत आणि ताकदीचं काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. आठ दिवसांत खाणं लागलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल.

मायनं दवाखान्यात शेजारच्या बाईची नळी बघितली होती. ती बाई नळी उपसायची म्हणून तिचे हात खाटेला बांधून ठेवले होते. घरी येताना रिक्षात माय एवढंच म्हणाली, "मला तसं बांदू नको."

मी बांधणार नाही म्हणालो, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या तोंडाशी एकेक वस्तू नेऊ लागलो. डॉक्टरांनी लिहून दिलेली डब्यातली पावडर कालवली. "आदी शेळीला दाव." शेळीनं हुंगून दोन पावलं मागं घेतली. मायनं तोंड भिंतीकडे केलं. बायकोनं ज्वारीची भाकरी दुधासोबत मिक्सरमधून काढली. मला वाटलं, हे तर घरचंच आहे. मायनं त्या पांढऱ्या लगद्याकडे बघून विचारलं, "ह्ये काय हाय?" भाकरी म्हटल्यावर तिला रागच आला. "ह्ये भाकर न्हाई. मला काय खुळी समजता?" सातूचं पीठ आणलं, भोपळा शिजवून घोटला. रोज वाटी अंगणात जायची आणि तशीच परत यायची. मायच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला तिचा राग यायचा आणि त्या शेळीचा तर जास्तच. एकदा मी मायवर ओरडलोसुद्धा. मग बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि रडलो.

सहाव्या दिवशी सकाळी मित्र आला. हातात स्टीलचा छोटासा डबा. मायच्या खाटेजवळ बसून त्यानं झाकण उघडलं. आत मातकट रंगाचं, चकाकणारं, चमच्याला धरून राहणारं काहीतरी होतं.

"मावशी, ह्यो हरीरा हाय. माज्या अम्मीला शेवटी शेवटी ह्योच गिळायला जमायचा," तो म्हणाला. मग एकेक जिन्नस सांगू लागला. "बदाम हाय, खसखस हाय, खारीक, सुंठ अन् तूप. समदं वाटून गाळलंय. दुसरं काय बी न्हाई."

शेवटचं वाक्य बोलताना तो मायकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. त्याच्या आईनं त्या शीरखुर्म्याचं याला सांगितलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. कानशिलं गरम झाली.

माय म्हणाली, "आदी शेळीला दाव."

मी वाटीत दोन चमचे काढून घेतले आणि जवळजवळ पळतच अंगणात गेलो. आता जे लिहितोय ते लिहायला जड जातंय. शेळीनं नाक फिरवावं, असं मला वाटत होतं. आत माझी आई सहा दिवसांची उपाशी होती, आणि मी शेळीपुढे उभा राहून मनात म्हणत होतो, नको खाऊस. शेळीनं हुंगलं, कान मागे टाकले आणि दाव्याला ताण देऊन लांब झाली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

मित्र माझ्यामागे दारापर्यंत आला होता. तो म्हणाला, "त्या शेळीला काय कळतंय बे? तिनं तरी कवा खाल्लाय हरीरा?"

त्याच्या या बोलण्यावरून मला बिनआईची पिल्लं आठवली. लहानपणी आमच्या कळपात एखादी शेळी पिल्लू मागं ठेवून मरायची. ते पिल्लू बाटलीनं दूध प्यायचं, पण दूध तुटायची वेळ आली तरी पाल्याला तोंड लावायचं नाही. पुढ्यात हादग्याची कोवळी डहाळी टांगलेली आणि पिल्लू उपाशी ओरडतंय, हे मी स्वतः बघितलं आहे. आई असलेली पिल्लं आईच्या तोंडाचा वास घेऊन खायला शिकतात. याला आईच नव्हती. मग माय तो पाला स्वतः तोंडात घालून चावायची आणि पिल्लासमोर उकिडवी बसून आपलं तोंड त्याच्या नाकाशी न्यायची. पिल्लू तिचं तोंड हुंगायचं, पुन्हा पुन्हा हुंगायचं, आणि मग डहाळीला लागायचं. "शेळी पाल्याला वळखत न्हाई, आईच्या तोंडाला वळखती," असं ती मला तेव्हा सांगायची.

म्हणजे शेळीही आमच्यासारखीच भित्री. आईनं जे खाल्लं त्यापलीकडे तिचं नाक जात नाही. आणि आम्ही पिढ्यानपिढ्या तिला विचारून जेवत आलो होतो.

मी वाटी घेऊन आत आलो. शेळीनं खाल्लं की नाही, हे मायनं विचारलंच नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बहुतेक सहाही दिवस तिथंच बघत असावी. मीच वाटीकडे बघत होतो.

"तू खाल्लास का?" तिनं विचारलं.

 पावडर, लगदा, सातू, भोपळा, सगळं तिच्या तोंडाशी नेलं, त्यातलं एकही मी जिभेवर ठेवलं नव्हतं. उलट दर वेळी नाक आक्रसूनच चमचा पुढं केला असणार.

मी चमचा भरला. दोनदा तो वाटीत परत ठेवला, एवढा मोठा माणूस, एका चमच्यासाठी. मित्र खिडकीतून रस्त्याकडे बघत उभा राहिला. मी चमचा तोंडात घातला. आधी तूप लागलं, मग सुंठ चरचरली. मला ते आवडलं नाही. फार गोड होतं. तरी मी दुसरा चमचा घेतला आणि तोही गिळला.

"हिकडं ये," माय म्हणाली.

मी वाकलो. तिनं चांगल्या हातानं माझी हनुवटी धरून मला जवळ ओढलं आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. एकदा घेतला, थांबली, परत घेतला. मग तिनं तोंड उघडलं.

पहिल्या चमच्याला मी श्वास रोखून धरला. ठसका लागला नाही. दुसऱ्यालाही नाही. पाच चमचे गेल्यावर ती पुरे म्हणाली आणि माझ्याच सदऱ्याला ओठ पुसले.

मित्रानं खिडकीतून वळून बघितलं. डब्यात थोडंच उरलं होतं. त्यानं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "और लाऊं क्या?"

"आण," मी म्हणालो. "मलाबी आण."