सरकारला दाखवायला धुतलेला घाणा

सरकार घेतं, एवढं मला माहेरी असल्यापासून ठाऊक होतं. ते देतं कसं, हे बघायचं होतं.

निजामीतलं लातूर. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासऱ्यांचा बैलावर चालणारा तेलाचा घाणा होता. पण रेल्वेनं डब्यांतून तेल येऊ लागलं आणि आमचं गिऱ्हाईक आटू लागलं. इंजिनावरची गिरणी टाकली तरच निभाव लागणार होता. निम्मं भांडवल सरकार घालणार, निम्मं गावानं उभं करायचं, असं ठरत होतं. त्याआधी हैदराबादचे साहेब येऊन धंदा बघणार होते. साहेब हो म्हणाले तरच पैसे घालायचे म्हणून गावातले व्यापारी त्यांच्याकडे डोळे लावून बसले होते आणि सासऱ्यांची झोप उडाली होती.

मग आमच्या घरानं काय करावं? दोन दिवस घाणा बंद! राखेनं घासला, धुतला, भिंतींना चुना दिला, दाराला तोरण बांधलं. पेंडीचा कणही दिसू दिला नाही. आम्हा बायकांना तर लग्नघरासारखा उत्साह आला होता.

साहेब आले, मागोमाग व्यापारीही. साहेब घाण्याभोवती फिरले, लाकडावरून बोट फिरवलं, ते कोरडंच निघालं. म्हणाले, "ये तो बंद पड़ा है. बंद काम में सरकार हिस्सा कैसे लेगी?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. मी दाराआडून बघत होते. चालता घाणा बघायलाच माणूस आलाय, हे एवढ्या मोठ्या घरात कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं!

तेवढ्यात गल्लीतली एक बाई करडीची पाटी घेऊन तरातरा आत आली. साहेब-बिहेब तिला दिसलेच नाहीत.

"आवो मामा, दोन दिस झाले, घरात फोडणीला थेंब न्हाई. घाणा बंद ठिवून काय पूजा करून राहिलात?"

तिच्यामागं आणखी चार-पाच जणी होत्या. सगळ्या एकदम बोलू लागल्या. सासरे हात जोडून गप्प करू बघत होते, आणि साहेब मात्र मिशीत हसत होते.

"बंद किए तो लोग लड़ने आते," ते म्हणाले. "सरकार का हिस्सा पक्का. अब गाँव का बोलो."

व्यापारी एकमेकांकडे बघू लागले. पहिला कोण बोलणार? बाईनं पाटी खाली ठेवली. सगळं प्रकरण विचारून घेतलं, मलाही तेव्हाच नीट कळलं.

"मंग आमचा बी हिस्सा लिवा. ल्हान का असंना," ती म्हणाली. "पर हिस्सेदार झाल्यावर घाणा बंद दिसला, तर आजच्यावानी गोड बोलायची न्हाई."

डोळे पुसत सासऱ्यांनी तिची पाटी उचलली आणि साहेबांसमोरच बैल जुंपला.