आधी तोंड उघड

गाडी बंद पडून आली, तरी आमचे मिस्त्री लगेच पान्याला हात लावत नसत. एक तळहात बॉनेटवर ठेवायचे, दुसऱ्या हाताने ड्रायव्हरला खाली बोलवायचे आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, "आधी तोंड उघड. बॉनेट मग उघडू."

म्हणजे काय घोळ केलास ते चारचौघांत कबूल कर. टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवलीस? कॅनमधलं पाणी मिसळलेलं डिझेल ओतलंस? कबुलीशिवाय काम सुरू होत नसे. बारामती-इंदापूर रस्त्यावर त्यांच्या गॅरेजला लागूनच माझं पंक्चरचं दुकान, त्यामुळे हा तमाशा मी रोज फुकट पाहायचो. तुमच्याही रस्त्यावर असा एखादा असेल. हातात कला असते म्हणून लोक त्याची जीभ सोसतात.

एकदा कोऱ्हाळ्याचा एक तरणा ड्रायव्हर आला. सेल्फ फिरत होता, पण इंजिन उठत नव्हतं. इंजिन बंद करायची तार ओढलेलीच राहिली होती. ती आत ढकलायची, एवढंच काम. मिस्त्रींना ते आल्याआल्याच दिसलं होतं. तरी "मार सेल्फ, अजून मार" करत त्यांनी बॅटरी पार उतरवली आणि मग करंगळीने तार आत ढकलली.

"लगीन झालंय का रं तुजं? न्हाय? मग नगंच करू."

सगळे पोट धरून हसले. नंतर हसणाऱ्यांनाच गाडीला धक्का मारावा लागला.

तात्यांच्या वेळी मात्र मला हसू आलं नाही. तात्या नरसिंहपूरकडचे, उसाच्या ट्रकवरचे जुने ड्रायव्हर. कारखान्याच्या वाटेवर त्यांची भरली गाडी बंद पडली. ती ओढून आणली, मागोमाग मालकही आला. आख्खा रस्ता त्यांना तात्या म्हणायचा, मिस्त्री मात्र अरेतुरेवर आले.

"आधी तोंड उघड."

"म्या काय केलं न्हाय, मिस्त्री. टाकीत डिझेल हाय, बगा की."

मिस्त्रींनी पंपाचा स्क्रू सैल केला. फेसाळ डिझेल आलं. "लायनीत हवा हाय. टाकी रिकामी झाल्याबिगर हवा शिरती व्हय? आता भरलंस. आधीचं कुठं इकलंस?"

तात्यांनी नरसिंहाची शपथ घेतली. मालकाने नुसता हात पुढे केला. तात्यांनी किल्ली दिली, केबिनमधला टॉवेल घेतला आणि एसटीची वाट बघत उन्हात उभे राहिले. मालक दुसरा ड्रायव्हर शोधायला गेला.

हवा काढल्यावर गाडी सुरू झाली आणि थोड्या वेळाने जागेवरच पुन्हा बंद पडली. तेव्हा मिस्त्री गाडीखाली शिरले. डिझेलची रबरी नळी गाडीच्या लोखंडी चासीला घासून चिरली होती आणि तिथून हवा शिरत होती. त्यांनी नळी बदलली, जुनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि हात पुसले. मालक परत आला तेव्हा त्याला एक शब्द सांगितला नाही. माझ्याच्याने राहवलं नाही, मी सांगितलं. मालकाने मिस्त्रींकडे पाहिलं.

"पंक्चरवाल्याला इंजिनातलं काय कळतंय?" मिस्त्री म्हणाले. माझ्याच दारात सगळे मला हसले. तात्यांवर चोरीचा शिक्का बसला तो बसलाच. पुढे कित्येक दिवस त्यांना कुणी गाडी दिली नाही.

बरं, माणूस निव्वळ दुष्ट म्हणावा, तर भाजीपाल्याची गाडी आली की मिस्त्री जेवणावरून उठायचे. "नासल्याला माल बगवत न्हाय मला," म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा आणि याच गोष्टीसाठी जीवही लागायचा.

तशीच एका दुपारी टोमॅटोची गाडी आली. सेल्फ फिरतोय, गाडी उठत नाही. खाली उतरले ते तात्या. फार थकले होते. नवीन मालकाने नुकतंच कामावर घेतलं होतं. माल वेळेत बाजारात गेला नाही, तर हीही गाडी हातची जाणार होती.

मिस्त्रींनी बॉनेटवर तळहात ठेवला. ओळखलं त्यांनी, मी बघत होतो. तरी म्हणाले, "आधी तोंड उघड."

तात्यांनी एकदा टोमॅटोच्या क्रेटांकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज काय केलं न्हाय, मिस्त्री. पर त्या टायमाचं डिझेल म्याच इकलं व्हतं. आता तरी गाडी बगा."

मिस्त्रींचा हात बॉनेटवरच राहिला. त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल.

"बगा," ते गर्दीला म्हणाले, "म्या तवाच म्हणलं न्हवतं?"

फिल्टर चोंदला होता. त्यांनी तो झटक्यात बदलला. गाडी पहिल्या सेल्फला उठली. तात्या हात जोडून गेले.

मिस्त्री बदलले वगैरे मी सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "आधी तोंड उघड." ते असेपर्यंत तेच. यंदा उन्हाळ्यात बसल्या जागी गेले, छातीत कळ आली म्हणायलाही तोंड उघडलं नाही. गॅरेज रिकामं करताना भंगारवाल्याने पाने, जॅक, जुने पंप, सगळं नेलं. खिळ्यावरच्या नळीकडे मी बोट दाखवलं.

त्याने ती वळवून बघितली, चिरेतून बोट घातलं आणि परत खिळ्याला अडकवली. म्हणाला, "रबर न्हाय घेत आमी."