जिंकलेल्या पोराचं भेव

गल्लीतलं कुणी पोरगं काही जिंकून आलं की आमचे शेजारी शाबासकी देत नसत. मटकन खाली बसत. "जिंकला काय? मंग भेव हाय, बाप्पा," म्हणत आणि कपाळाचा घाम पुसत. हरलेल्याला मात्र हाताला धरून चहा पाजायला नेत. असा उफराटा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

तसे ते वीजखात्यातून निवृत्त झालेले साधे लाइनमन. अकोल्यात त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच.

पोळ्याच्या दुपारी आमच्या गल्लीत सतरंजी पडते आणि पत्ते निघतात. सणाचा खेळ, त्याला जुगार म्हणायचं नाही, अशी रीत. एखादं लेकरू मांडीवर घेऊन त्याच्या हातानं पान उचलायचं, कारण लेकराचा हात शुभ! हे गृहस्थ यायचे आणि लेकराला बखोटीला धरून उठवायचे. लोक चिडायचे. "सणावाराचं काऊन मोडता घालून राह्यले, भाऊ?"

एका पोळ्याला ते तिथंच रडले. "माह्या पोराचा हात याच सतरंजीवर शुभ ठरला. म्या टाळ्या वाजवल्या." तो पोरगा पुढे मोबाइलवर पैसे लावून खेळायला लागला, हरत गेला. अमरावतीला कामाला जातो म्हणून निघाला, तो अजून परतलेला नाही. त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका पत्ते निघाले की लेकरं घरात घेऊ लागल्या.

माझा प्रतीक अमरावतीला शिकायला होता. एकदा पेढे घेऊनच आला. "आई, मॅचवर पैसे लावले, जिंकलो!" मी जिभेची तिखट, पण त्या दिवशी मीही हरखले आणि पेढा घेऊन त्याला शेजारी पाठवलं. मागोमाग मीही गेले. काकांनी पेढ्याला हात लावला नाही.

"हरशीन तवा कोणाले सांगशीन?"

"हरतो कोण, काका?"

"मायले सांगशीन?"

प्रतीक हसला. "आई तं सोलूनच काढते."

"मंग मले सांग. म्या रागवत नाही."

मला संताप आला. शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!

उन्हाळ्यात प्रतीकचा फोन आला, तो काकांना. मला नाही. तसेच उठून ते एसटीनं गेले आणि संध्याकाळी त्याला घेऊन आले. त्याचं मनगट त्यांनी घट्ट धरलं होतं. त्याला कुठून आणलं ते त्यांनी सांगितलं नाही. विचारायची माझी छाती झाली नाही. "वैनी, याले आज फक्त जेवाले वाढा," एवढंच म्हणाले. पुढे प्रतीक घरीच राहिला आणि रोज त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचा.

यंदा चैत्रात काका झोपेतच गेले. बाहेर मॅचचे दिवस होते. कुणाच्या टीव्हीवर ओरडा झाला की मी हातातलं काम टाकून उठे. चप्पल न वाजवता मी प्रतीकच्या दाराला कान लावी. आत काहीच ऐकू येत नसे, त्याचीच जास्त भीती वाटे. आता हा कुणाला सांगेल?

परवा भाकरी थापत होते. प्रतीक येऊन उभा राहिला. तोंड उतरलेलं.

"आई, म्या पुन्हा..."

माझ्या जिभेवर काय काय आलं ते देवालाच ठाऊक. तव्यावर भाकरी करपू लागली. मी गॅस बंद केला, पाट सरकवला आणि म्हटलं, "बस, बेटा. मी ऐकून राह्यली."