ब्रेकबाई आणि कवळीवाले

गाडी शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकबाई म्हणतात. शिकवणीच्या गाडीत त्यांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, आणि तो दाबताना त्या कुणाचीच भीड ठेवत नाहीत. शिकवणी मूळ त्यांच्या नवऱ्याची. तो बेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेला. तिसऱ्या आठवड्यात बाई त्याच्या जागेवर जाऊन बसल्या. "बाईमाणूस काय गाडी शिकवणार?" म्हणत अर्धे शिकाऊ पळाले. उरलेले पहिल्याच फटक्यात परीक्षा पास झाले, तेव्हा पळालेले निमूट परत आले.

सात वर्षांनी कवळीवाले आले. पन्नाशीचे गृहस्थ, दंतवैद्यांना कवळ्या बनवून देणारे. दात घासून-तासून असा बसवत की खरा कोणता ते कळू नये. पण स्टिअरिंग धरलं की तेच हात लाकडाचे होत.

"आमच्याकडे गाडी बायको चालवायची," ते म्हणाले. "ती जाऊन दीड वर्ष झालं. गाडी दारात झाकून ठेवलीय. मुलगी म्हणते, विकून टाका."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी म्हणतो, आधी चालवून बघू."

महिनाभरात शिकवणीच्या गाडीवर हात बसल्यावर बाई त्यांच्या दारात गेल्या. आवरण काढलं, कवळीवाले आत शिरले आणि गुडघे छातीला टेकवून बसले. क्लच दाबायलाही जागा नव्हती.

"सीट मागे घ्या."

"नको. चालेल मला."

"अहो, बेडकासारखे बसलात! मागे घ्या म्हणते ना."

ते हलेनात. मग हळूच म्हणाले, "ती ठेंगणी होती. तिनेच लावलीय ही सीट इथे."

बाईंनी पर्समधून रंगीत चिकटपट्टी काढली आणि सीटखालच्या पट्टीवर खूण केली. "ही त्यांची जागा. कधीही परत नेता येईल. आता सरका मागे."

कवळीवाले सरकले. चौकापर्यंत जाईतो त्यांचे डोळे वाहत होते, आणि बाई नेहमीच्याच आवाजात सांगत होत्या, "आरसा बघा. गिअर बदला. रडा, पण रस्त्याकडे बघून."

परत आल्यावर कवळीवाल्यांनी विचारलं, "तुम्ही कसं सावरलंत?"

"वर्षभर यांचा फोन रोज चार्ज करत होते. कोण करणार होतं फोन? एक दिवस विसरले. दुसऱ्या दिवशी कळलं, विसरलेय, आणि तरी जेवण गेलं."

हे बाईंनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानंतर शिकवणीचा तास संपला तरी गप्पा संपेनात. कवळीवाले परीक्षेत दोनदा आपटले. त्यातली एक वेळ मुद्दाम, असं लोक म्हणतात. तिसऱ्यांदा पास झाले आणि पडलेल्या चेहऱ्याने बाईंकडे आले.

"आता यायला कारण उरलं नाही. कारणाशिवाय आलो तर?"

"या. पण वेळेवर या."

वर्षभराने लग्नाचा विषय बाईंनीच काढला. घरात सासूबाई होत्या. त्यांना सोडून जायचा प्रश्नच नव्हता. त्यांची जुनी कवळी बोलताना खटखट वाजायची. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "आधी त्याला माझे दात बघू देत." कवळीवाल्यांनी नवी कवळी केली, दुखतंय म्हटल्यावर तीनदा घासून दिली, एकदाही कुरकुर केली नाही. "तोंडात हात घालू दिला म्हणजे माणूस घरचाच झाला," म्हातारीने निकाल दिला. अशी नवरी सासूला बरोबर घेऊन सासरी गेली.

कवळीवाल्यांची मुलगी मात्र घुश्शात होती. लग्नाआधी येऊन तोंडावर म्हणाली, "तुम्ही माझ्या आईची जागा घेणार?"

"नाही गं. मला माझी वेगळी लागते," बाई म्हणाल्या. "आईचा फोटो समोरच्या खोलीतच राहील, माझ्या पहिल्या नवऱ्याचाही. आणि तू आलीस की आईबद्दल खुशाल बोल. मलाही ऐकायचंय."

मुलगी लग्नाला आली, जेवली, फारसं न बोलता गेली. वर्षभर नुसते कामापुरते फोन. मग एका दुपारी तिने बाईंनाच फोन केला: "मावशी, बाळ झोपतच नाही. मी आठ दिवस तिकडे येऊ का?"

बाईंनी आठही दिवस शिकवणीला सुट्टी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.